बिननिगेचं झुडूप

द्राहोमीरा कुबेशोव्हाने चौतीस वर्षं टपाल वाटलं आणि त्या चौतीस वर्षांत तिच्या वाट्याला एकही सपाट रस्ता आला नाही. चेक देशातल्या ब्रनो शहरात सपाट भाग बराच आहे. तो सगळा इतरांना मिळाला. हिच्याकडे टेकडीवरच्या गल्ल्या, त्यातही पन्नास-पन्नास पायऱ्यांची घरं, आणि प्रत्येक घरी एक कुत्रं. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी प्रेमाने तिला डोंगर चढायचे बूट भेट दिले. तिने ते त्याच संध्याकाळी शेजारणीच्या गळ्यात मारले आणि दुसऱ्या दिवशी एक घडीची खुर्ची विकत आणली.

तिची इच्छा काही फार मोठी नव्हती. खुर्चीत बसायचं, अंगावर ऊन घ्यायचं, समोर काहीतरी हिरवं असावं, आणि गुडघ्यांनी दिवसभर गप्प राहावं. घरी बसायला जागा होती, पण घर आठव्या मजल्यावर. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीचा आठवा मजला आणि तिथे बनियनमधले एक गृहस्थ हिच्याकडे बघत बसलेले. म्हणून तिने रेल्वेच्या भरावाखालच्या बाग-वसाहतीत, जिथे शहरातल्या लोकांना भाड्याने बाग मिळते, नाव नोंदवलं. सहा वर्षांनी तिला बाग मिळाली. नंबर एकेचाळीस.

एकेचाळीस नंबर म्हटलं की वसाहतीतले लोक खोकायचे. ती बाग नव्हतीच, तो घसरगुंडीसारखा उतार होता. वर रूळ, खाली कुंपण, मधे दगड आणि भाजून निघालेली माती. आधीच्या एकाने तिथे बटाटे लावले, ते पहिल्या मोठ्या पावसात शेजाऱ्याच्या बागेत उतरले आणि शेजाऱ्याने ते खाल्ले. दुसऱ्याने गवत लावलं. कापायला गेला तेव्हा यंत्रासकट खाली आला. द्राहोमीराने उतार पाहिला, त्याच्या पायथ्याशी असलेली लाकडी खोपटी पाहिली, खोपटीसमोरची खुर्चीपुरती सपाट जागा पाहिली, आणि तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं की आपल्या नशिबी काहीतरी चांगलं आलं.

रोपवाटिकेतल्या बाईला तिने स्वच्छ सांगितलं, "मला असं काहीतरी द्या, जे लावल्यावर माझं तोंड बघणार नाही."

बाईने जमिनीलगत पसरणाऱ्या ज्युनिपर नावाच्या झुडपाची पंधरा रोपं काढली. निळसर हिरवी, टोचरी, वीतभर उंचीची.

"पाणी?"

"पहिला उन्हाळा घाला. मग विसरून जा."

"खत?"

"मुळीच नको."

"छाटणी?"

"कात्री दाखवूसुद्धा नका. जुन्या लाकडावर घाव पडला की तिथे परत पालवी येत नाही. भोक राहतं ते राहतंच."

"मग मी काय करायचं?"

"तुम्हाला दुसरं काही काम नाही का हो?" बाई म्हणाली.

तीन वर्षांत ज्युनिपरने सगळा उतार व्यापला. दगड झाकले, माती धरून ठेवली, तणाला बोटभर जागा दिली नाही. बाया-माणसं कुंपणापाशी थांबून बघायची. द्राहोमीरा सकाळी ट्रामने यायची, खुर्ची उघडायची, बसायची. अकराला खसखशीची पोळी खायची. बाराला ब्रेक्लावची गाडी वरून जायची. तीनला खुर्ची मिटून घरी. ती सुखी होती, आणि तेच लोकांच्या डोळ्यात खुपलं.

आता आमच्या वसाहतीतल्या लोकांविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. इथे कुणी बसत नाही. सगळे पेन्शनर, पण पहाट झाली की कामाला जुंपलेले. कुणी कुंपण रंगवतंय, कुणी मागच्या वर्षी रंगवलेलं कुंपण खरवडतंय, कुणी काकड्यांना दोरे बांधतंय. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात. इथे साठ न्हावी आणि भिंती अपुऱ्या. काही नाहीच मिळालं तर लोक कंपोस्टचा ढीग डावीकडून उजवीकडे करतात आणि दुपारनंतर तो उजवीकडे शोभत नाही म्हणून परत डावीकडे आणतात. एकमेकांना भेटल्यावर "बरे आहात ना?" असं विचारत नाहीत, "काम काय काढलंय?" असं विचारतात. आणि वसाहतीच्या नियमावलीत सतरावं कलम आहे: ज्या बागेत सबंध मोसमात काम होताना दिसलं नाही, ती बाग परत घेऊन यादीतल्या पुढच्या माणसाला द्यावी.

जूनच्या पहिल्या शनिवारी समिती एकेचाळीस नंबरच्या फाटकात उभी राहिली. समिती म्हणजे तिघं. अध्यक्ष ओतोकार हानाक, उंच, ताठ, सत्तरी ओलांडलेले, हातात कायम एखादा खिळा किंवा सुतळीचा तुकडा. चिटणीस व्लास्ता ब्लाहोव्हा, जी सगळं वहीत लिहायची. आणि कामिल रेझेक, ज्याचं काम आलुबुखाराच्या घरगुती दारूची बाटली सांभाळणं एवढंच होतं. पण ते तो नेटाने करायचा.

"द्राहोमीराबाई," हानाक म्हणाले, "तुमच्याविरुद्ध तक्रार आहे."

"कुणाची?"

"निनावी. एकोणीस जणांची."

"काय केलं मी?"

"तेच तर. काही केलं नाही. लोकांनी तीन वर्षं पाहिलंय. तुम्ही बसता."

द्राहोमीरा खुर्चीतून उठली नाही. "बागेत काही खोट आहे का? बघा की. एक तण दाखवा."

तिघं बागेत फिरले. ब्लाहोव्हाबाईंनी चष्मा बदलून बघितलं. रेझेकने एक फांदी उचलून खाली वाकून बघितलं आणि बोटं टोचून घेतली.

"तण नाही," ब्लाहोव्हाबाई म्हणाल्या.

"बघा!"

"अहो, तण नाही म्हणजे तण काढणंही नाही. कंपोस्टचा ढीग कुठाय तुमचा?"

"कशाचा करू? झुडपाचं काही गळतच नाही."

"कुदळ दाखवा," हानाक म्हणाले. द्राहोमीराने खोपटीतून कुदळ आणली. तिच्यावर अजून दुकानाची चिठ्ठी होती. हानाकांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि खरंच दुःखाने मान हलवली.

"बाई, ही वसाहत कष्टाळू माणसांची आहे. माझ्यापाशी बागेची वाट बघणाऱ्यांच्या यादीत साठ नावं आहेत. ही माणसं उद्या सकाळी येऊन हा उतार खणून काढतील."

"पण का खणायचा? छान आहे की तो."

"छान आहे, नाकारतोय कोण? पण तो आपोआप छान आहे." 'आपोआप' हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जणू चोरीचा माल हाताला लागलाय. "सप्टेंबरअखेरपर्यंत दोनदा तपासणी होईल. काम दिसलं तर ठीक. नाही दिसलं तर किल्ली जमा करायची."

ते गेल्यावर द्राहोमीराने कुदळ परत खोपटीत ठेवली. तिला आठवा मजला आठवला, बनियनमधले गृहस्थ आठवले. ही जागा गेली तर आपण मरू, असं तिला वाटलं. लगेच नाही, पण हळूहळू आणि उभ्याउभ्या.

शेजारच्या चाळीस नंबरमध्ये लेओपोल्द ह्रुश्का राहायचा, म्हणजे राबायचा. त्याच्याकडे गुलाब होते, हिरवळ होती, टोमॅटो होते, आणि सगळ्यांना कसले ना कसले रोग होते. ती टपाल वाटायची तेव्हापासूनची वीस वर्षांची ओळख, त्यामुळे अरेतुरेची भाषा.

"अगं द्राहा, एवढी काय हबकलीस?" कुंपणावरून तो म्हणाला. "तुला काम करायचं नाहीये. काम करताना दिसायचंय. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे."

"मला येत नाही रे ते. टपाल खात्यात पत्र एकतर पोचतं नाहीतर नाही पोचत."

"मी शिकवतो. मी कारखान्यात होतो. एक गोष्ट ध्यानात ठेव, खांद्यावर फळी घेतलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. लगबगीने चालायचं आणि मधूनच थांबून आभाळाकडे बघायचं. एकतीस वर्षं माझी एकच फळी होती. निवृत्त झालो तेव्हा तीच मला भेट दिली."

फळी द्राहोमीराला जड झाली, म्हणून त्याने हातगाडी दिली. हातगाडीत माती भरायची, उताराच्या कडेने वर न्यायची, रुळांजवळ ओतायची. दुपारी तीच माती भरून खाली आणायची. पहिल्याच दिवशी सात शेजारी कुंपणाशी येऊन कौतुकाने म्हणाले, "वा, काम काढलंत!" एकाने विचारलं, माती कुठून आणता? "वरून," ती म्हणाली. दुपारी दुसऱ्याने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "खालून." दोघांचंही समाधान झालं.

पण एक हातगाडी किती पुरणार? लेओ म्हणाला, पाणी घाल, पाणी घालताना माणूस लांबून दिसतो. तिने रिकामी झारी फिरवली. तिसऱ्या दिवशी ब्लाहोव्हाबाई मुद्दाम जवळून गेल्या आणि म्हणाल्या, "बाई, झारीतून पाणी पडत नाहीये." मग खरं पाणी घालणं भाग पडलं, सकाळ-संध्याकाळ. पाणी उतारावरून ओघळून पायथ्याच्या झुडपांपाशी साचायचं. लेओने प्रेमाने कोंबडीखताचं पोतं दिलं. ते न टाकावं तर लोक म्हणणार, पोतं भरलेलंच आहे. तिने टाकलं. मग त्याने मोठी कात्री आणून दिली. "कचकच आवाज आला पाहिजे," तो म्हणाला. "आवाजाशिवाय काम पटत नाही लोकांना." तिला रोपवाटिकेतल्या बाईचं बोलणं आठवत होतं, म्हणून ती आधी हवेतच कात्री चालवायची. पण हवेत चालवलेली कात्री आणि फांदीवर चालवलेली कात्री यांच्या आवाजात फरक असतो, आणि ओळखणारे एकशे वीस कान आजूबाजूला होते. तिने डोळे मिटून चार ठिकाणी कापलं.

रोज संध्याकाळी आठव्या मजल्यावर ती गुडघ्यांना कोबीची पानं बांधून पडायची. खुर्ची खोपटीत मिटलेली. उघडायला वेळच मिळेना.

ज्युनिपरला हा प्रकार मुळीच मानवला नाही. तीन वर्षं ज्याची कुणी विचारपूस केली नव्हती, त्याच्यामागे एकाएकी माणसं, पाणी आणि खत लागलं. जुलैत पायथ्याची झुडपं पिवळी पडली. ऑगस्टमध्ये कापलेल्या जागी तपकिरी भोकं दिसू लागली, आणि जिथे ती वर-खाली चालायची तिथल्या फांद्या मोडून उघडी माती वर आली. उघड्या मातीची वाट बघतच असल्यासारखी हरणखुरीची वेल तिथे उगवली, आणि बघता बघता तिने दोन झुडपांना विळखा घातला.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी तपासणी झाली. द्राहोमीराची हातगाडी अर्ध्या उतारावर, घाम डोळ्यांत, केस विस्कटलेले. समिती फाटकातच थबकली. हानाकांचा चेहरा खुलला.

"याला म्हणतात बाग!" ते म्हणाले.

"इथे सुकलंय," ब्लाहोव्हाबाई आनंदाने म्हणाल्या. "आणि हे बघा, तणसुद्धा! हरणखुरी! ही एकदा आली की दहा वर्षं हटत नाही." त्यांनी वहीत लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "तण आहे. समाधानकारक."

"दहा वर्षांचं काम मिळालं तुम्हाला," रेझेक म्हणाला आणि आनंदाप्रीत्यर्थ सगळ्यांना एकेक पेला ओतला.

"सप्टेंबरात शेवटचं बघायला येऊ," हानाक म्हणाले, "पण आता ते नावापुरतंच. खरं सांगतो बाई, मला तुमचा अभिमान वाटतो. पुढच्या वर्षी एकोणचाळीस नंबरचा पडीक खड्डाही तुम्हालाच देऊ."

ते गेले. द्राहोमीरा हरणखुरी उपटायला गुडघ्यांवर बसली आणि तिला उठता येईना. बसल्याजागी तिने आजूबाजूला बघितलं. इतक्या जवळून तिने झुडूप कधी बघितलं नव्हतं. खुर्चीवरून तो सगळा एक हिरवा उतार असायचा. आता दिसलं की प्रत्येक फांदी निराळी आहे आणि बऱ्याच फांद्या मेलेल्या आहेत. त्या तिने मारल्या होत्या. ज्याने पहिल्या उन्हाळ्यानंतर तिच्याकडे एक थेंब मागितला नव्हता, त्याला तिने राबून राबून मारलं होतं. तिला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. समितीचा आला, लेओचा आला, सर्वांत जास्त स्वतःचा आला.

तिने हाका मारल्या तेव्हा लेओ कुंपण ओलांडून आला आणि तिला काखेत धरून त्याने उभं केलं.

"हातगाडी घेऊन जा तुझी," ती म्हणाली. "आणि कात्री. आणि ते पोतं."

"वेडी झालीस? जिंकत आलीयेस तू! आणखी एक महिना ओढ."

"एक महिना ओढला तर काहीच उरणार नाही इथे."

"बाग तरी उरेल."

"कशाला? एकोणचाळीसचा खड्डा खणायला?"

लेओने कात्री आणि पोतं हातगाडीत टाकलं. हातगाडी ढकलत तो निघून गेला. जाताना सवयीने मधेच थांबून आभाळाकडे बघितलं.

सबंध सप्टेंबर द्राहोमीरा बसली. लोक कुंपणापाशी येऊन थांबायचे, घसे खाकरायचे, माना हलवून निघून जायचे. एकीने तर फाटकाच्या मुठीला खुरपं अडकवून ठेवलं, दयाबुद्धीने. पावसाने खत धुऊन गेलं, पायथ्याचं पाणी आटलं. वरच्या अंगाची झुडपं तगली. मेलेली मेलीच. वेलीला मात्र तिने हात लावला नाही. एक उपटायला गेलं की चार फांद्या मोडतात, हे तिला आता कळलं होतं.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी समिती आली तेव्हा ती खुर्चीतच होती. समोरच्या छोट्या मेजावर बागेची किल्ली ठेवलेली.

हानाकांचा चेहरा उतरला. "बाई, हे काय? इतकं चांगलं चाललं होतं."

"मी काम करतेय," द्राहोमीरा म्हणाली.

"बसलायत तुम्ही."

"तेच काम आहे. या झुडपाची एकच निगा असते. त्याला हात लावायचा नाही. मी तीन वर्षं लावला नाही, तेव्हा ते भरलं. तीन महिने लावला, त्याचं हे असं झालं. हात न लावता बसायचं हे काम तुम्हाला सोपं वाटत असेल तर करून दाखवा."

"म्हणजे?"

"या खुर्चीत बसा. पंधरा मिनिटं. झुडपाला हात लावायचा नाही, उठायचं नाही. तिघांपैकी एकाला जरी जमलं तरी ही किल्ली उचला आणि घेऊन जा. मी हूं की चूं करणार नाही."

"पंधरा मिनिटं?" रेझेक हसला. "मी पेन्शनर आहे बाई. दिवसभर बसेन."

तो बसला. ब्लाहोव्हाबाईंनी घड्याळ धरलं. पहिलं मिनिट त्याने आरामात पाय लांब केले. दुसऱ्या मिनिटाला त्याला खुर्चीचा एक स्क्रू ढिला वाटला. तो बसल्याबसल्या खाली वाकून बोटाने स्क्रू पिळू लागला. खुर्ची मिटली, आणि रेझेक तिच्यात. त्याला बाहेर काढायला दोघं लागले.

ब्लाहोव्हाबाई चार मिनिटं बसल्या. चौथ्या मिनिटाला त्या पुटपुटल्या, "ती एक फांदी बाकीच्यांपेक्षा पुढे आलीये." मग म्हणाल्या, "मी फक्त सांगतेय." मग त्या जागच्या हलल्यासुद्धा नाहीत आणि तरी फांदी त्यांच्या हातात होती. ती कशी आली हे त्यांनाही सांगता आलं नाही.

हानाकांनी कोटाची बटणं लावली, खिशातला खिळा रेझेककडे दिला आणि बसले. देवळातल्या खांबासारखे ताठ. हात मांड्यांवर. पाच मिनिटं झाली, सात झाली. कुंपणापाशी आता बरीच माणसं जमली होती. प्रत्येकाच्या हातात काही ना काही अवजार. आठव्या मिनिटाला हानाकांची बोटं पँटवरचा नसलेला धागा शोधू लागली, पण त्यांनी ती आवरली. दहा झाली. वरून बाराची गाडी गेली. बारा मिनिटं झाली.

द्राहोमीराला कळून चुकलं. हा माणूस बसणार. या वसाहतीत एकच माणूस असा निघाला आणि तो नेमका हा. तिने किल्लीकडे बघितलं. खुर्ची घरी न्यायला ट्राममध्ये जागा मिळेल का, असा विचारही तिच्या मनात येऊन गेला.

तेराव्या मिनिटाला हानाक म्हणाले, "इथून काहीच दिसत नाही."

"काय दिसायला हवंय?" तिने विचारलं.

"म्हणजे करण्यासारखं. काहीच दिसत नाही." ते समोरच बघत होते. "माझी बायको लिबुशे गेली त्या सकाळी मी कुंपण रंगवत होतो. दवाखान्यातून फोन आला. म्हटलं, एवढी फळी पुरी करतो आणि निघतो. मग दुसरा हात दिला. लोक आले समाचाराला, तेव्हा मी फाटक रंगवत होतो. दोन वर्षं झाली. मी बसलोच नाही तेव्हापासून. आज बसलो."

कुंपणाकडच्या माणसांनी आपापल्या अवजारांकडे बघायला सुरुवात केली. रेझेकने बाटली उघडली आणि कुणाला द्यावी हे न कळून परत बंद केली. हानाकांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तरी ते ताठच बसले होते. मग एकाएकी ते उठले, दोन पावलं टाकून गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी हरणखुरी उपटू लागले, मुळासकट, फांद्यांसकट, काय हाताला लागेल ते.

ब्लाहोव्हाबाईंनी घड्याळ बघितलं. "चौदा मिनिटं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

द्राहोमीरा जिंकली होती. आपण जिंकलो हे तिलाही कळलं, पण त्याचं काय करावं हे कळेना. ती खुर्चीचा आधार घेत हानाकांपाशी गेली.

"पुरे," ती म्हणाली. "अहो, पुरे आता. माझं झुडूप आहे ते."

ते थांबले. मुठीत वेल होती, बोटं टोचून रक्ताळलेली. रेझेकने या वेळी न विचारता पेला त्यांच्या तोंडाशी धरला. ते प्यायले, उठले, कोट झटकला.

"काय लिहू?" ब्लाहोव्हाबाईंनी विचारलं.

"लिहा, काम दिसलं."

"कुठलं काम?"

"बसण्याचं. जड काम, असं लिहा." हानाकांनी नाक पुसलं. हळूहळू ते पुन्हा अध्यक्ष होऊ लागले. "आणि हेही लिहा, सत्तरीच्या बाईला एकटीला ते झेपणारं नाही. नियमाप्रमाणे जड कामाला सहायक द्यावा लागतो."

"मला नकोय सहायक," द्राहोमीरा म्हणाली.

"नियम आहे, बाई."

"कोण येणार? इथे आहे कोण बसू शकणारं?"

"चौदा मिनिटांचा अनुभव असलेला एकच माणूस आहे," हानाक म्हणाले आणि किल्ली उचलून त्यांनी तिच्या हातात दिली.

मंगळवारी ते आले. स्वतःची खुर्ची घेऊन, दाढी करून, पांढरा शर्ट घालून, कामावर रुजू व्हावं तसे. द्राहोमीराने जागा दाखवली.

"पाय इकडे. फांदीवर नको. आणि बोलायचं नाही."

"बरं."

दोघं बसली. ऊन बरं होतं. शेजारी लेओ गुलाबांवर काहीतरी फवारत होता आणि मधून मधून इकडे बघत होता. पाच मिनिटं गेली, सहा गेली. सातव्या मिनिटाला समोरच्या एका तपकिरी काडीकडे हानाकांचा हात आपोआप पुढे जाऊ लागला. त्यांनाही तो दिसत होता, पण आवरत नव्हता. द्राहोमीराने झटकन तो पकडला आणि दोन खुर्च्यांच्या मधे, आपल्या हातात घट्ट धरून ठेवला.

"झुडपासाठी धरलाय," ती म्हणाली.

"कळलं," हानाक म्हणाले, आणि त्यांनी हात सोडवून घेतला नाही.